गाडीपुरती दारू

माजरीच्या कोळसा खाणीपलीकडच्या त्या गावात कोणाच्या घरी दारू सापडली की थाळी वाजायची. थाळी ऐकून बायका हातातलं काम टाकून यायच्या. सापडलेले डबे, बाटल्या विहारासमोरच्या चौकात आणायच्या, ज्याच्या घरून निघाल्या त्याचं नाव बापाच्या नावासकट मोठ्याने तीनदा घ्यायचं आणि मग दारू मातीत ओतून द्यायची, अशी रीत होती. मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. नाव घेणं हीच शिक्षा, आणि ती भल्याभल्यांना पुरायची. मधे काही वर्षं सगळ्या जिल्ह्यात दारूबंदी होती, पुढे सरकारने ती उठवली. तेव्हा या बायका विहारात बसल्या आणि त्यांनी ठरवून टाकलं, की जिल्ह्याची उठली तर उठू दे, आपल्या गावाची उठलेली नाही.

या बायकांची पुढारी होती रुखमाबाई दुर्गे. अंगणवाडीत मदतनीस. सकाळी पोरांना खिचडी वाढायची आणि दुपारी पोरांच्या बापांच्या मागे लागायची. सरपंचाच्या साळ्याचं नाव तिने चौकात घेतलं होतं, पोलिस पाटलाच्या जावयाचंही. घरचं-बाहेरचं असं काही नाही, निघाली की नाव घ्यायचं, हा नियम तिनेच घालून दिला होता आणि त्याचा तिला थोडा जास्तच अभिमान होता.

तिच्या या हट्टामागे कोण होता हे गावाला सांगायची गरज नव्हती. नवरा वामनराव खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता. हाताचा कसबी माणूस, पण पगार झाला की घराचा रस्ता विसरायचा. लग्नानंतर सुरुवातीला ती त्याला दारातच विचारायची, पिऊन आले का म्हणून. तो तिच्या डोळ्यात डोळे घालून म्हणायचा, "तुही शप्पथ, नाई." कधी तिची शपथ, तर कधी लहानग्या आयुषच्या डोक्यावर हात ठेवून त्याची. इतक्यांदा खोटं ऐकल्यावर तिने विचारणंच सोडून दिलं. विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि मग रडायचं, यातलं पहिलं सोडलं की पुढचं आपोआप सुटतं असं ती म्हणायची. आयुष आठवीत असताना वामनरावाचं लिव्हर गेलं आणि मागोमाग तोही गेला. त्या दिवशी पोराने आपणहून पंचशीलातलं पाचवं शील म्हटलं आणि आईला सांगितलं, मी कधी थेंब घेणार नाही. तिने त्याला पोटाशी धरलं. त्याच्या बोलण्यावर आपला विश्वास बसला का, हे मात्र तिने स्वतःलाही कधी विचारलं नाही.

आयुष मोठा झाला तो बापाचे कसबी हात घेऊन. भद्रावतीच्या एका गॅरेजात तो मेकॅनिक होता. एक दिवस त्याने भंगारातून जुनी पांढरी गाडी ओढून आणली आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तिच्याशी संसार मांडला. इंजिन उघडून परत बांधलं, पिस्टन बदलले, इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो बसवला. मागची सीट काढून फेकली, एसी काढून फेकला. गाव हसायचं, गाडीत बसायला जागा नाही आणि आवाज मात्र डंपरचा. पण नागपूरकडे एका खासगी धावपट्टीवर अशा गाड्यांच्या शर्यती होतात. सरळ पट्टी, दोन गाड्या, डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर निकाल. आयुष तिथे दोनदा गाडी पळवून आला होता. यंदाच्या शर्यतीला कोइमतूरच्या एका रेसिंग कारखान्याचा माणूस येणार होता. त्याने फोनवर आयुषशी बोलून घेतलं होतं, की तुझी गाडी तू सांगतोस तशी पळाली तर सामान बांधून माझ्यासोबतच चल. आयुषला दुसरं काही नको होतं. इथे राहून जन्मभर दुसऱ्यांच्या स्कॉर्पिओचं ऑइल बदलत बसायचं, नाहीतर तिकडे जायचं, एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्या एका रविवारी मिळणार होतं.

अडचण होती ती इंधनाची. एवढा दाब सोसणारं इंजिन पेट्रोलवर तापतं, आतल्या आत ठोके खातं आणि फुटतं. इथेनॉल थंड जळतं, म्हणून आयुषने गाडीचं सगळं ट्यूनिंग इथेनॉलवर बसवलं होतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतंच, पण थोडं. याला उलटं प्रमाण हवं होतं, इथेनॉल जास्त आणि पेट्रोल नावापुरतं. तसं इंधन आपल्याकडच्या कुठल्या पंपावर मिळणार? कितीतरी महिने तो त्याच्या मागे होता. शेवटी नागपूरच्या क्लबाने परवाना काढून सगळ्या सभासदांसाठी मिळून मागवलं आणि आयुषच्या वाट्याचे चार निळे डबे त्याने मित्राच्या, मिथुनच्या टेम्पोतून आणून शेडमध्ये पोत्याखाली ठेवले. आईला म्हणाला, केमिकल आहे, हात लावू नको. इथेनॉल म्हणजे काय हे सांगायला गेला असता तर मराठीत एकच शब्द होता आणि तो शब्द त्या घरात उच्चारायची सोय नव्हती. तिथे तो चुकला.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, रुखमाबाई लाडवांसाठी वाळत घातलेला मोह उचलायला शेडमध्ये गेली. बाहेर असलं ऊन होतं की टिनाला हात लावला तर फोड यावा. त्या उष्म्याने एका डब्याचं झाकण जरा सैल झालं असावं. दारूचा वास आला. पोतं बाजूला केलं, झाकण फिरवलं, आणि तिला वाटलं आता मागून वामनरावाचा आवाज येईल.

संध्याकाळपर्यंत ती थांबू शकली असती. आयुष गॅरेजातून आला असता, तिने विचारलं असतं. पण तो समोर उभा राहील, तिच्या डोळ्यात डोळे घालेल आणि "तुही शप्पथ" म्हणेल, हे चित्र तिला इतकं स्पष्ट दिसलं की ती घाबरली. नवऱ्याच्या तोंडून ते तिने सोसलं होतं, पोराच्या तोंडून सोसवलं नसतं. तिने आत जाऊन थाळी घेतली.

बायका आल्या. कुणाच्या घरची म्हणून विचारलं तेव्हा तिने आपल्याच घराकडे बोट केलं, तशा दोघी-तिघी जागीच थांबल्या. एक म्हणाली, "राहू दे बाई, घरातल्या घरात पाहून घे." रुखमाबाई म्हणाली, सरपंचाच्या साळ्याला असं कोणी म्हटलं होतं का? चारही डबे चौकात आले. तिने स्वतः उभं राहून नाव घेतलं. आयुष वामनराव दुर्गे. रीतीप्रमाणे तीनदा घेतलं.

दुसरा डबा ओतला जात होता तेव्हा आयुष मोटारसायकलवर आला. कोणीतरी फोन केला असावा. गाडी स्टँडवर न लावताच त्याने ती आडवी पडू दिली आणि धावत आला.

"आई, ते गाडीचं हाये," तो म्हणाला.

बायका हसल्या. त्यांचाही दोष नव्हता. आजवर त्यांनी पकडलेल्या दारूंपैकी एक बैलाच्या खुराची निघाली होती, एक रंगात मिसळायची, एक गुडघ्याला चोळायची. पिण्याची अशी कधी कोणाची निघालीच नव्हती. आयुषने पुन्हा काही सांगायला तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं. ती डब्याच्या तोंडाकडे बघत होती. तिने मान वर केलीच नाही. चौथा डबा रिकामा होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला आणि पडलेली मोटारसायकल उचलून घरी गेला.

त्या दारूचा वास लवकर उडून गेला. मोहाची ओतली की चौकात दुसऱ्या दिवसापर्यंत घमघमते, ही घटकाभरात नाहीशी झाली. रुखमाबाईला ते जरा खटकलं, पण डबे रिकामे झाले होते.

संध्याकाळी मिथुन आला. आयुष शेडचं दार लावून आत बसला होता, म्हणून मिथुन स्वयंपाकघरातच टेकला. त्याने रागावून नाही, समजावून सांगितलं. ते कारखान्याचं इथेनॉल होतं. पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विष घातलेलं असतं. माणसाने प्यायलं तर डोळे जातील, नाहीतर जीव जाईल. त्याने कोइमतूरचंही सांगितलं, कारण आयुषने तेही आईला अजून सांगितलं नव्हतं, झालं की मगच सांगू म्हणून.

"आणखी नाई का मिळत?" तिने विचारलं. मिथुन म्हणाला, क्लबाचा पुढचा माल पुढच्या महिन्यात. बाकीच्यांनी आपापल्या गाडीपुरतंच घेतलंय, शर्यतीच्या तोंडावर कोण कोणाला देणार? मिथुन गेल्यावर ती चुलीपुढे बसून राहिली. भाकर करपली तरी तिला कळलं नाही. आपण आपल्या पोराला गावापुढे दारुडा ठरवलं आणि त्याच हाताने त्याचं नशीब मातीत ओतलं, हे तिला चांगलंच कळलं होतं.

मग तिने विचार केला तो तिच्या परीने सरळच होता. गाडीला दारू लागते. आणि दारू कुठे मिळते, चांगली कोणती, कडक कोणती, हे तालुक्यात तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच, माहेरी जाऊन येते म्हणून ती निघाली. चंद्रपूरहून गडचिरोलीची एस्टी धरली, मूल, सावली करत वैनगंगा ओलांडली आणि तिथून धानोऱ्याच्या रस्त्याला जंगलातल्या एका गावी उतरली. तिचं माहेर तिथून जवळच. लग्नाआधी, गडचिरोलीत दारूबंदीसाठी बायका उठल्या होत्या तेव्हा, ती याच गावात मोर्चासोबत आली होती आणि सोनीबाई नावाच्या एका तरण्या गोंड विधवेच्या चुलीवरची हांडी तिने काठीने फोडली होती. ती तिची पहिली हांडी. त्यावर बायकांनी तिला खांद्यावर घेतलं होतं.

सोनीबाई आता म्हातारी झाली होती. अंगणात चिंचा फोडत बसली होती. रुखमाबाईने नाव सांगितलं, तेव्हा तिने चिंच खाली ठेवली आणि बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग पाणी दिलं. रुखमाबाईने जे झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सोनीबाईला आधी हसू आवरेना.

"गाडी पेते?" ती म्हणाली. "मंग चकणा काय लागते तिले?"

रुखमाबाईही हसली आणि हसता हसता रडायला लागली. सोनीबाई थांबली. म्हणाली, "तू फोडली ते हांडी माह्या नवऱ्याच्या दिवसाची होती, बाई. आमच्यात मेलेल्या माणसाले मोहाची द्या लागते. मंग पाणी देल्लं त्याले."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, झालं ते सांगावं तसं म्हणाली. इतकी वर्षं रुखमाबाई आपल्या पहिल्या हांडीची गोष्ट मेळाव्यांत सांगत आली होती आणि टाळ्या घेत आली होती. माझं चुकलं, असं ती म्हणाली तर सोनीबाईने मान हलवली आणि ती उठून आत गेली.

देवासाठी आणि घरच्या कार्यासाठी काढून ठेवलेली होती तेवढी सगळी सोनीबाईने पुन्हा हांडीत घातली आणि पुन्हा चुलीवर चढवली. गाडीला कडक लागते म्हणतेस तर पहिल्या धारेचीच देते, म्हणाली. रुखमाबाई लाकडं सारत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती दारूच्या चुलीपुढे बसून धार पडायची वाट बघत होती आणि धार पडली तेव्हा तिला आनंद झाला, हे तिला स्वतःलाच खरं वाटेना. सोनीबाईने थोडी निखाऱ्यावर शिंपडली. भडका उडाला. "जळते पाह्य," ती म्हणाली, "तुह्या पोराची गाडी उडून जाईन."

येताना वैनगंगेच्या पुलाजवळ पोलिसांनी बस थांबवली. गडचिरोलीत बंदी असल्यामुळे तिथे पिशव्या तपासतात. रुखमाबाईच्या पिशवीत चिंचांच्या खाली डबा होता. तपासणारी बाई वर चढली, तिने रुखमाबाईला ओळखलं. पूर्वी तिची नेमणूक चंद्रपुरात असताना दोघींनी मिळून धाडी टाकल्या होत्या. तिने नमस्कार केला, तब्येत विचारली आणि पुढच्या माणसाची पिशवी उघडली. आपण पकडले गेलो असतो तर बरं होतं, असं रुखमाबाईला चंद्रपूर येईपर्यंत वाटत राहिलं.

आयुष शेडमध्येच होता. तिने डबा त्याच्यापुढे ठेवला. "पहिल्या धारेची हाये बाबू. सोनीबाईनं दोनदा काढली. जळून पाह्यली आम्ही."

तो डब्याकडे बघत राहिला आणि मग तिच्याकडे. चौकातल्या प्रसंगानंतर तो तिच्याशी बोलला नव्हता. काचेच्या लांब नळीत त्याने थोडी दारू ओतली, त्यात तरंगणारी, खुणा केलेली काचेची कांडी सोडली आणि ती कुठे थांबते ते बघितलं. मग कांडी काढून पुसून ठेवली.

"चालते का?" तिने विचारलं.

"चालते, आई," तो म्हणाला. "मस्त चालते."

तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्या रात्री ती जेवली आणि झोपली.

रविवारी दिवसभर तिचं लक्ष कशातच नव्हतं. तिन्हीसांजेला मिथुनचा टेम्पो आला, मागे दोरीने बांधलेली पांढरी गाडी. आयुष उतरला आणि म्हणाला, अर्ध्या पट्टीवर पिस्टन फुटला. जुनी गाडी, किती सोसणार. कोइमतूरच्या माणसाने अमरावतीच्या एका पोराला नेलं. तिने विचारण्याआधीच तो म्हणाला, "दारूचा काही दोष नाई. ते चांगली होती." तिला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण त्या वाईटाच्या तळाशी थोडं समाधानही होतं, की आपल्याकडून झालं तेवढं आपण केलं. गाडी भंगारवाल्याने परत नेली. आयुष गॅरेज सोडून खाणीवर एका कंत्राटदाराचा कोळशाचा टिप्पर चालवायला लागला.

पावसाळ्याच्या तोंडावर मिथुन घरी आला होता. बोलता बोलता रुखमाबाई म्हणाली, सोनीबाईला एकदा भेटून यायचं आहे, तिने एवढं केलं. मिथुनला वाटलं हिला सगळं माहीत आहे. तो म्हणाला, "काकू, वाईट नका वाटून घेऊ. त्या दारूत निम्मं पाणी होतं. टाकीत टाकली असती तर गाडी सुरूच नसती झाली." मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो घुटमळला, पण तिने सोडलं नाही. डबा वरोऱ्याच्या पुढे रस्त्याकडेला आयुषने स्वतः ओतला होता. नंतर पंपावरचं साधं पेट्रोल भरलं. मिथुन म्हणाला, पळू नको, इंजिन फुटेल. आयुष म्हणाला, माहीत आहे. मग काऊन पळतोस, असं मिथुनने विचारलं तर म्हणाला, आईने आणून दिली आहे, परत कसा जाऊ.

रुखमाबाईने मिथुनला चहा दिला. तो गेल्यावर ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली. पोराने खरं सांगितलं तेव्हा तिने मान वर केली नव्हती. खोटं सांगितलं ते मात्र तिने लगेच मानलं आणि वर शांत झोपलीही.

आयुष ड्युटीवरून आला. अंगभर कोळशाची भुकटी, डोळे तेवढे पांढरे. तिने त्याला हातपायही धुऊ दिले नाहीत. म्हणाली, मिथुनने सांगितलं मले.

"एकडाव विचारलं असतंस, आई," तो म्हणाला.

"चुकलं माह्यं, बाबू. विचाराले पाह्यजे होतं."

"आन मी नाई म्हटलं असतं, तर मानलं असतंस?"

हो म्हणायला तिने तोंड उघडलं. पोरगा समोर उभा होता आणि त्याला एवढंच हवं होतं. पण या पोराशी खोटं बोलायची तिची छाती झाली नाही आणि खरं बोलायचीही झाली नाही. आयुषने मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं, आणि तो मोरीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा ती दारातच होती. जोडे काढण्याआधी तो तिच्यापुढे वाकला, तोंड तिच्या तोंडाजवळ आणलं आणि हळूच श्वास सोडला. तिला आधी कळेना. मग कळलं आणि तिने त्याच्या छातीला हात लावून त्याला मागे लोटलं. असं नको करू म्हणाली. तो चिडलेला नव्हता. असू दे, म्हणाला, आणि जेवायला बसला.

तेव्हापासून तो रोज हेच करतो. ती रडली, रागावली, हात जोडले, त्याच्या बापाची शपथ घातली. आता मी विचारीन रे, रोज विचारीन, आणि तू म्हणशील ते मानीन, असंही सांगून पाहिलं.

"विचारू नको," तो म्हणतो. "पाहून घे."

आणि तिच्यापुढे वाकतो. रुखमाबाई डोळे मिटून घेते, नको नको म्हणते, आणि श्वास घेते.